माकड दिसलं, टँकर दिसला नाही

भुसावळला रविवारी सकाळी साडेनऊला इंग्रजी पिक्चर लागायचा. आठवडाभर त्याच पडद्यावर हिंदी मारधाड, रविवारचा मॉर्निंग शो तेवढा इंग्रजी. बाल्कनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं, खाली आम्ही रेल्वे क्वार्टरची पोरं. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. 1981 च्या हिवाळ्यात त्यांनी मला तिथे 'किंग काँग' बघायला नेलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मूळ सिनेमा 1933 चा आणि आपण बघतोय तो 1976 सालचा रिमेक, असली माहिती तेव्हा कोणाला नव्हती आणि कोणाचं तिच्यावाचून अडतही नव्हतं. पोस्टरवर माकड होतं, माकडाच्या मुठीत बाई होती. तिकीट काढायला तेवढं पुरेसं होतं.

मी घाबरलो ते त्याच्या दातांना नाही. न्यूयॉर्कमध्ये सुटल्यावर तो उंचावरच्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीवर तुटून पडतो, तिथे घाबरलो. भुसावळच्या पोराच्या डोक्यात जगात एकच गोष्ट पक्की असते, ती म्हणजे गाडी. बाप गाडीवर, घर गाडीच्या आवाजात, सुट्टी पासावर. ती गाडीच कोणी काडीसारखी मोडू शकतो म्हटल्यावर मग राहिलं काय? त्यानंतर कित्येक रात्री यार्डात शंटिंगचे डबे एकमेकांवर आदळले की मी अंथरुणात उठून बसायचो. आई मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढायची आणि वडिलांना सुनवायची, "लेकराले असं कायले दाखोता?"

दोन गोष्टी तेव्हापासून डोक्यात राहिल्या. एक म्हणजे शेवट. काँग खाली पडलेला असतो, त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येत असतात, हळूहळू मंदावतात आणि थांबतात. सिनेमावाल्यांना तिथे प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी हवं होतं. मला हुश्श झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले एक अँग्लो-इंडियन मेल ड्रायव्हर. आम्ही त्यांना नुसतं 'अंकल' म्हणायचो. त्या दिवशी त्यांनी बाल्कनी सोडून आमच्या पुढच्या रांगेत बैठक मारली होती, आणि ते भलत्याच ठिकाणी हसत होते. काँगला पहिल्यांदा लोकांसमोर आणतात तेव्हा त्याच्यावर एक प्रचंड आवरण असतं. ते वर उचललं जातं आणि आत माकड दिसतं. आख्खं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि अंकल मात्र खो खो हसत होते. ते आवरण पेट्रोल पंपाच्या आकाराचं होतं. आम्हाला पंप दिसला नाही, कारण आमची नजर खाली काय लपलंय त्यावर होती. त्यात आम्हाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, म्हणजे दोन तासांच्या सिनेमातून आमच्या वाट्याला फक्त जनावर आलं. माणसं काय बोलत होती, कोण कोणाला कशासाठी कुठे नेत होतं, ते सगळं अंकलकडे राहिलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अकरा वर्षांच्या भाच्याबरोबर तो सिनेमा लॅपटॉपवर पुन्हा पाहिला. दहाव्या मिनिटाला त्याने काँग कुठे आहे म्हणून विचारलं, आणि काँग आल्यावर दोन मिनिटांत म्हणाला, "मामा, आत माणूस आहे. काखेत बघ, कापडाला घडी पडतेय." आहेच माणूस. रिक बेकर नावाचा मेकअपवाला स्वतः ते कातडं घालून हिंडला. निर्माते डिनो डी लॉरेंटिस यांनी कार्लो राम्बाल्डी यांच्याकडून जवळपास 40 फुटी यांत्रिक काँगही बनवून घेतला होता, त्याच्यावर लाखो डॉलर गेले, आणि ते धूड पडद्यावर काही सेकंदच दिसतं. बाकी जवळपास सगळा बेकर. म्हणजे ज्याच्या भीतीने मी वर्षभर भिंतीकडे तोंड करून झोपलो तो घामाने निथळणारा एक तरुण मेकअपवाला होता. भाचा हसला, मीही हसलो. पण आता सबटायटल होती, आणि अर्ध्या तासानंतर माझं हसू थांबलं.

कारण गोष्ट माकडाची नाहीच. ती पेट्रॉक्स नावाच्या तेल कंपनीची आहे. 1973 च्या तेलटंचाईनंतरचे ते दिवस. हिंदी महासागरात कायम ढगांत बुडालेलं एक बेट आहे, तिथे तेल असणार असा कंपनीचा अंदाज. फ्रेड विल्सन नावाचा साहेब जहाज घेऊन निघतो. बेटावर तेल सापडतं, पण कच्चं. कामाचं व्हायला त्याला अजून हजारो वर्षं लागतील. इतका खर्च झालाय, रिकाम्या हाताने परत जाऊन सांगायचं काय? तेव्हा विल्सनच्या डोक्यात येतं की तेल नाही तर नाही, या जनावराला न्यूयॉर्कला नेऊ आणि कंपनीच्या जाहिरातीला वापरू. खड्डा खणतात, गुंगी देऊन पकडतात, आणि ज्या महाकाय टँकरच्या पोटात तेल भरून न्यायचं होतं त्याच पोटात काँगला टाकून नेतात. पंपाचं आवरण का, तर म्हणून. अंकल हसले ते त्याला. मला ते कळायला चाळीसेक वर्षं लागली.

जाणकार या रिमेकला नाकं मुरडतात. 1933 च्या सिनेमात विलिस ओब्रायनने छोट्या बाहुल्या एकेक चित्र सरकवत जी जादू केली तिची सर याला नाही, हे कबूल. नायिका बोलते ते पुष्कळदा पोरकट आहे, हेही कबूल. (जेसिका लँगचा हा पहिलाच सिनेमा, पुढे तिने जे केलं ते बघता ही सुरुवात तिच्या वाट्याला यायला नको होती.) तरी एक गोष्ट या रिमेकने अशी केली जी ना मूळ सिनेमाने केली होती, ना पीटर जॅक्सनच्या 2005 च्या काँगने. त्या दोन्हींमध्ये काँगला पकडून नेणारा माणूस सिनेमावाला आहे, साहसी, थोडा वेडा, थोडा हावरट. त्याच्याकडे बघून आपण म्हणतो, असतात अशी माणसं. 1976 मध्ये त्या जागी कंपनी आली. तिथे वेडेपणा नाही. हिशेब आहे, मुदत आहे, वरिष्ठांना द्यायचं उत्तर आहे. राक्षसाच्या मागे अंदाजपत्रक उभं आहे हे दाखवणारा राक्षसपट माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही. आणि हे खानदेशात बसून बघितल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यासाठी हा लेख.

आमच्याकडे काँगचं काम बिबट्याकडे आहे. लोक त्याला सरळ 'वाघ'च म्हणतात. रावेर-यावलच्या केळीत, चोपड्याच्या मक्यात, शहाद्याच्या उसात, गिरणाकाठी तो दिसतो, आणि दिसला की बातमी ठरलेली असते: धुमाकूळ, दहशत, थरार, आणि शेवटी 'तातडीने बंदोबस्त करावा अशी ग्रामस्थांची मागणी'. व्हॉट्सअॅपवर एखाद्या भलत्याच राज्यातला व्हिडिओ 'आपल्या गावाजवळचा' म्हणून फिरतो. बातमीत जनावर असतं, पंजा असतो, फोटोत ठसा आणि ठशाशेजारी ठेवलेली काडेपेटी असते. टँकर नसतो.

टँकर म्हणजे काय, ते सांगतो. जुन्नर भागात उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडायचा मोठा कार्यक्रम 2001 पासून राबवला गेला. हेतू चांगला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आकड्यांचा अभ्यास केला. 1993 ते 2001 या काळात त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे हलवायला लागल्यावर ते चौपटीच्या वर गेले, आणि हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात ठेचकाळलेलं जनावर आपल्या जागेकडे परतायला बघतं, वाटेत जे गाव लागेल ते लागेल. जुन्नरहून पकडलेले काही बिबटे आमच्या यावल अभयारण्यातही आणून सोडले गेले होते, आणि ते सोडल्यानंतर अभयारण्याच्या आसपास माणसांवर हल्ले झाले.

चोपड्याकडे माझा चुलतभाऊ शेती करतो. तो वयाने मोठा, आम्ही त्याला जिभाऊ म्हणतो. बिबट्याचा विषय निघाला की तो म्हणतो, "तो सोताना पायवर नही उना भाऊ, तेले आनेल शे." जनावर आपल्या पायांनी आलं नाही, त्याला आणलंय. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावागावांत हे बोललं जातं: रात्री गाडी आली, पिंजरा उतरवला, सोडून गेले. जळगावात बसलेली आमच्यासारखी माणसं ते ऐकून हसतो. खेड्यातली अफवा! आज दिसणारा प्रत्येक बिबट्या आणलेला आहे असं अर्थातच नाही. ते इथलेच आहेत, इथेच वाढतात, उसात पिल्लं देतात. पण एके काळी जे खरोखर घडलं होतं त्याला आपण अफवा म्हणून हसतो, आणि धुमाकूळ या शब्दाला मात्र हसत नाही. जिभाऊने टँकर बघितला होता. आम्ही माकड बघत होतो.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकवलं जातं, आणि ते खोटं नाही. तुझं काय जातं? तू चौथ्या मजल्यावर राहतोस. 2017 च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात, गिरणा पट्ट्यात, एका बिबट्याने माणसं मारली, त्यांत लहान मुलं होती. दिवस मावळला की गावं दारं लावून घेत होती. शेवटी डिसेंबरमध्ये त्याला गोळी घालण्यात आली. ज्यांच्या अंगणातून पोर गेलं त्यांना मी राक्षसपट समजावून सांगू लागलो तर ते मला दगड मारतील, आणि बरोबर करतील. ती गोळी घालायला नको होती असं मी म्हणत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच त्याची सोय आहे: जनावर माणसाच्या जिवाला धोका झालं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारण नोंदवून तशी परवानगी देऊ शकतो. काही वेळा तो एकच रस्ता उरतो.

माझं भांडण गोळीनंतरच्या शांततेशी आहे. गोळी लागली, फोटो निघाले, गावाने सुटकेचा श्वास टाकला आणि गोष्ट संपली. आठ वर्षांचा मी काळजाचे ठोके थांबल्यावर हुश्श म्हणालो होतो, तसंच. जनावर मेलं म्हणजे सिनेमा संपला. दिवे लागले, चला घरी.

पण मेलेली माणसं कोण होती, कुठे होती, किती वाजता होती, हे प्रश्न राहतात. अशा बातम्या मी वर्षानुवर्षं वाचतो आहे. बंगल्यात झोपलेला माणूस त्यांत मला अजून सापडलेला नाही. शेतात पालावर झोपलेलं मजुराचं पोर सापडतं, कापूस वेचायला वाकलेली बाई सापडते, आणि रात्री पाणी द्यायला गेलेला शेतकरी सापडतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, त्याच्या नेहमीच्या भक्ष्याच्या उंचीचं काहीतरी वाटतं, असं जाणकार सांगतात. मग माणूस रात्री शेतात वाकलेला का असतो?

कारण लाईट रात्री येते. शेतीपंपाची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, पाळीपाळीने. रात्रपाळीच्या आठवड्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर बारा वाजता उठून बांधावर जायचं, अंधारात वाकून वाफा फोडायचा, पुढचा बांधायचा. केळीला ठिबक आलं तरी मोटर चालू करायला, फिल्टर बघायला जावंच लागतं. हे वेळापत्रक कोणीतरी खुर्चीत बसून आखतं. त्याच्या मागे हिशेब आहे, मागणी-पुरवठ्याचा आलेख आहे, आणि आखणाऱ्याच्या मनात कोणाविषयी वाईट नाही. विल्सनच्या मनातही काँगविषयी वाईट नव्हतं. शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, म्हणजे चाळीसगावात माणसं जात होती त्याच साली. 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. माझ्या मते बिबट्याच्या बंदोबस्ताची खानदेशातली सगळ्यात महत्त्वाची योजना ती आहे, पिंजऱ्यांपेक्षा कितीतरी वरची. पण बिबट्याच्या बातमीत तिचा उल्लेख वाचल्याचं मला आठवत नाही. बिबट्या वनखात्याचा, वीज वीज कंपनीची. आणि मृत माणसाच्या वारसाला आता 25 लाख मिळतात, की फाईल बंद.

वन विभागाने माणसं वाढवावीत, मजुरांच्या वस्तीवर दिवे आणि आडोसे द्यावेत, गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरं आणि मोकाट कुत्री आवरावीत, हेही आहेच. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मी विजेवर अडून बसलोय, कारण तिथे कोणी बघत नाही.

सिनेमात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल लिहायला मला थोडी लाज वाटते. बेटावरचे लोक अंगाला रंग फासून, ढोल बडवून नाचतात. त्या सकाळी कोणीतरी खालच्या वर्गातून ओरडलं, "पावरे आले रे!" आणि सगळं थिएटर हसलं. मीही हसलो. माझ्या वर्गात सातपुड्यातल्या पाल गावाकडचा एक पावरा आदिवासी मुलगा होता, तो तिथे असता तर काय झालं असतं याचा विचारही मनाला शिवला नाही. सिनेमाने त्या बेटकऱ्यांना जंगलीच दाखवलंय, त्याबद्दल त्याला सूट नाही. पण त्यांनी केलं होतं काय, ते बघा. एक प्रचंड भिंत बांधली होती. भिंतीला दरवाजा ठेवला होता. पलीकडे तो, अलीकडे आपण. भिंतीच्या आत जायचं नाही, आणि दरवाजा कधी उघडायचा ते ठरलेलं. बाई बळी देण्याचा भाग सोडून द्या, तो सिनेमावाल्यांचा मसाला. उरतो तो शेजाऱ्याशी केलेला करार. काँगला नेल्यावर बेटावरचे लोक सुखी होतील असं विल्सनला वाटतं, तेव्हा त्याच्याच जहाजावरून आलेला तरुण प्राणीअभ्यासक त्याला सांगतो की तो नुसती भीती नव्हता, त्यांच्या जगण्यातलं गूढही तोच होता. ते गेलं की मागे दारू पिऊन पडलेली माणसं उरतील.

सातपुड्यात वाघदेवाला पुजणारे भिल्ल, पावरे आहेत. शेंदूर लावलेला दगड, वर्षातून एकदा नैवेद्य. नंदुरबारकडे वाघबारस करतात. त्याने बिबट्या हल्ला करायचा थांबत नाही, तसा दावा तेही करत नाहीत. पण त्यांच्या भाषेत तो 'आलेला' नाही. तो आहेच, त्याच्या जागेवर. त्यामुळे रानात कधी जायचं, गुरं कधी परत आणायची, पोरांना कुठे निजवायचं याचे नियम आहेत. अकोल्याच्या म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतपट्ट्यात अभ्यासकांना 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच मोठे बिबटे आढळले, तेही ऊस आणि वस्त्यांच्या मधोमध, आणि त्यांचं पोट बरंचसं कुत्र्यांवर भरत होतं. लोकांना ते असल्याचं माहीत होतं. शेजार असाही असतो.

आम्ही मात्र भिंतही बांधत नाही आणि दगडही पुजत नाही. आम्ही फोन करतो: घेऊन जा. कुठे, तर लांब. लांब म्हणजे कोणाच्या तरी चोपड्यात.

सिनेमा संपल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, त्या कंपनीवाल्याचं काय झालं?" विल्सनला काँग पायाखाली चिरडतो. 1981 मध्ये त्या जागी शिट्ट्या पडल्या होत्या हे मला आठवलं. वाईट माणूस मेला एवढं भाषेशिवायही कळत होतं. "पण कंपनीचं?" त्याने पुन्हा विचारलं. कंपनीचं काही होत नाही. शेवटी काँग वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून कोसळून चौकात पडतो, छायाचित्रकार त्याच्याभोवती गर्दी करतात, नायिका रडते, आणि पेट्रॉक्सचं नावही कोणी घेत नाही.

दिवाळी झाल्यावर चार दिवस आम्ही दोघं जिभाऊच्या शेतावर होतो. थंडी चांगली पडली होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि त्या आठवड्यात रात्रपाळी. जेवणं झाल्यावर ओट्यावर गप्पा चालल्या होत्या. भाच्याने त्याला काँगची गोष्ट सांगितली, माकडाच्या काखेतल्या घडीसकट. जिभाऊ मन लावून ऐकत होता. सव्वाबाराला खोपीतला पिवळा दिवा लागला.

"लाईट उनी," म्हणत तो उठला. डोक्याला मफलर गुंडाळला, बॅटरी आणि काठी घेतली, मोबाईलवर एक अहिराणी गाणं पूर्ण आवाजात लावून तो खिशात टाकला, आणि बांधावरून निघाला. गाणं बराच वेळ ऐकू येत होतं.